पूजेतले तीन प्लग

परवा नातीनं नव्या गाडीचं बॉनेट उघडलं होतं. मी काठी टेकत जवळ गेले आणि विचारलं, "प्लग कुठं हायेत गं?" ती म्हणाली, "आज्जी, ते त्या झाकणाखाली असतात. त्यांना कुणी हात लावत नाही आता. काही बिघडलं तर कॉम्प्युटर सांगतो." मी म्हटलं, बरं झालं बाई, कॉम्प्युटरला मोठा भाऊ नसतो.

ती हसली, पण तिला काही कळलं नसणार. म्हणून हे लिहायला बसले. माझ्या एका काळच्या शहाणपणाची ही गोष्ट आहे, आणि ते शहाणपण एवढं होतं की अख्ख्या गावाला वाटूनही शिल्लक राहिलं असतं.

माहेर माझं निर्ण्याचं. घरची शेती होती, पण मोठ्या भावाला, अण्णाला, मातीपेक्षा ग्रीस जास्त आवडायचं. त्यानं हुमनाबादला रस्त्याच्या कडेला पत्र्याचं गॅरेज टाकलं आणि मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. आई लवकर गेली, म्हणून मला शाळेसाठी अण्णा-वहिनीकडं ठेवलं. शाळा सुटली की मी गॅरेजात. वहिनी म्हणायची, भाकऱ्या शिक. अण्णा म्हणायचा, बस इथं तंगी. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. तो मला नावानं कधी हाक मारायचाच नाही.

त्यानं मला पहिलं काम दिलं ते प्लग धुवायचं. डब्यात थोडं पेट्रोल, तारेचा ब्रश, आणि समोर काळ्या तोंडांची रांग. धुता धुता वाचायला शिकले. वाचायचं म्हणजे काय ते सांगते. इंजिनाच्या पोटात पेट्रोल आणि हवा एकत्र पेटतात, आणि ठिणगी पाडतो तो प्लग. त्याचं टोक सारखं त्या आगीत, त्यामुळं आत काय चाललंय ते त्याच्या तोंडावर उमटतं. पान्यानं काढायचा आणि उन्हाकडं धरायचा. मधली चिनीमातीची दांडी भाजलेल्या तुरीच्या डाळीच्या रंगाची दिसली, तर इंजिन सुखात आहे. तव्याच्या बुडासारखी कोरडी काळी असली, तर पेट्रोल जास्त जातंय. चुन्यासारखी पांढरी असली, तर पेट्रोल कमी आणि हवा फार. इंजिन उपाशीपोटी तापतंय. आणि काळी तर आहे पण वर ओली, बोटाला तेल लागतंय, असं असलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, खालचं ऑइल वर चढून जळतंय. पहिल्या दोन दुखण्यांना स्क्रू फिरवून इलाज होतो. शेवटच्याला होत नाही. तिथं इंजिन उघडावंच लागतं.

अण्णा म्हणायचा, "गिऱ्हाईक सांगतंय, काल तर बरी होती, आजच बिघडली. त्याच्या तोंडाकडं बघू नको तंगी, प्लगच्या तोंडाकडं बघ."

एक नियम त्यानं माझ्या डोक्यात हातोडीनं ठोकला होता. आधी गाडी पळवायची, चढावर दाबायची, मग झटकन बंद करून प्लग काढायचे. तेव्हाच ते खरं सांगतात. उभ्या गाडीचा प्लग म्हणजे बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेली पोरगी. तिनं काय बोलायचं ते घरच्यांनी आधीच ठरवून दिलेलं असतं.

आमच्या गॅरेजात खंडेनवमीची एक रीत होती. सगळीकडंच त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, तशी आमच्याकडं पान्यांची, हातोड्यांची व्हायचीच. पण अण्णा आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे प्लगही काढायचा. वहिनी ते पुसून केळीच्या पानावर रांगेनं मांडायची, आणि अण्णा तीन बोटांनी सगळ्यांना भस्म लावायचा. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. पाना उचलायचा नाही, इंजिन चालू करायचं नाही. देव बसलेत म्हणायचे.

एका दसऱ्याला मी पानावरचा प्लग उचलला आणि जीप घ्यायला आलेल्या मालकाला ऐटीत सांगितलं, "काका, तुमची जीप उपाशी हाय. पांढरीफट पडलीय. पेट्रोल वाढवावं लागतंय." अण्णानं माझ्या हातातला प्लग घेतला, अंगठ्यानं पुसला, आणि खाली छान डाळीचा रंग निघाला.

"जीप उपाशी न्हाई तंगी," तो म्हणाला, "जीप पूजा करून आलीय."

गॅरेजभर हशा. तो मालक पुढं कित्येक महिने मला बघितलं की विचारायचा, "डॉक्टरीणबाई, आज कुणाला भस्म दिसायलंय?" दुसऱ्या कुणाला यातून अक्कल आली असती. मला आली नाही. मला एवढंच वाटलं, की आता आपल्याला भस्मसुद्धा ओळखता येतं.

लग्न होऊन मी मादन हिप्परग्याला आले, तेव्हा ट्रंकेत साड्यांखाली अण्णानं दिलेला प्लगचा पाना होता. लांब, पोकळ नळीचा. सासूबाईंनी तो बघितला आणि चुलीजवळ नेऊन ठेवला. बरेच दिवस त्या त्यानं चूल फुंकत होत्या. मी काही बोलले नाही, नवी नवरी होते. पण गावात हळूहळू मोटरसायकली वाढल्या, आणि कुणाची गाडी सकाळी सुरू होईना की मी पदर खोचून फुंकणी घेऊन बाहेर. लोक तोंडावर "अक्का" म्हणायचे आणि माघारी "फुंकणीवाली". मला दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही आवडायचं. मी तेव्हा अशी चालायचे, की रस्त्यावरच्या कोंबड्यांनीही बाजूला व्हावं.

मग मुलीची दहावी झाली. चांगली पास झाली. आळंदच्या कॉलेजात नाव घातलं, पण सकाळची बस मागच्या गावांहून भरून यायची आणि ड्रायव्हर आमच्या फाट्यावर थांबायचाच नाही. मुलं पळत जाऊन शिडीला लटकायची. मुली उभ्या राहायच्या. दुसरी बस येईपर्यंत कॉलेजातले दोन तास झालेले असायचे. आमची एकटीच नव्हती, गावातल्या आणखी सहा-सात मुली तशाच. काहींनी बसची वाट बघणं सोडलं आणि कापूस वेचायला जायला लागल्या. कॉलेजवाल्यांनी बजावलं होतं, हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

मालक, म्हणजे आमचे हे, वाईट नव्हते. पण एका संध्याकाळी ते म्हणाले, "पोरगी रोज रस्त्यावर उभी राहायलीय. लोक बघायलेत. दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर पुरे."

मी म्हटलं, "आपण व्हॅन घेऊ. सगळ्या पोरींना मीच नेते."

"कोण चालवणार?"

"सांगितलं की. मी."

गाडी मला येत होती. अण्णाच्या आवारात दुरुस्त झालेल्या गाड्या मागं-पुढं करूनच तर शिकले होते. लायसनही काढलेलं होतं. मालक म्हणाले, "अण्णाला विचार. तो म्हणाला तर माझी ना न्हाई." आमच्या घरात अण्णाचा शब्द म्हणजे पंचांगातला मुहूर्त.

मी फोन लावला. अण्णा म्हणाला, "हाय एक व्हॅन. एका गिऱ्हाइकाला घालवायचीय. खंडेनवमीला या दोघं. पूजाही होईल, गाडीही बघून होईल."

माझा आनंद काय सांगू! मुलीनं वहीच्या कागदावर व्हॅनचं चित्र काढलं आणि तिच्या खिडक्यांत सगळ्या मैत्रिणींची तोंडं काढली. ड्रायव्हरच्या जागी मला काढलं, डोक्यावर पदर घेऊन. मामाला द्यायला म्हणून तिनं वेगळं एक चित्र दिलं होतं. मामा तिचा फार लाडका. लहानपणी तो यायचा तेव्हा ती त्याच्या खिशातच राहायची.

हुमनाबादला पोचलो तर पूजा होऊन गेली होती. पांढरी व्हॅन आवाराच्या मधोमध, झेंडूची माळ घालून, चाकांखाली लिंबं ठेवून उभी. पुढच्या सीटखाली इंजिन असायचं त्या व्हॅनचं. सीट उचललेली होती, आणि समोर केळीच्या पानावर तीन प्लग, तिघांच्याही लोखंडी अंगावर भस्म, कुंकू, आणि वर एकेक शेवंतीचं फूल.

"चालवून बघू का?" मालकांनी विचारलं.

अण्णानं कानाला हात लावला. "आज कसं दाजी? देव बसलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बघ."

एवढंच. बघ.

आता त्या बाईचं, म्हणजे माझंच, वर्णन करते, तिला नीट बघून ठेवा. मोरपंखी साडी, हातभर बांगड्या, नाकात चमकी. ती पानापुढं गुडघ्यावर बसली. हात लावायचा नाही म्हणून दोन्ही हात जोडले आणि मान खाली घालून, एक डोळा मिटून, एकेका प्लगच्या तोंडात डोकावली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं काय भक्ती आहे बाईची! तिन्ही प्लग भाजलेल्या डाळीच्या रंगाचे. सारखे, कोरडे, देखणे. भस्म फक्त अंगावर होतं, दांडीवर नव्हतं. तेवढं तर तिनं आवर्जून तपासलं. त्या जुन्या जीपवाल्याचं हसू आठवून ती मनात म्हणालीसुद्धा, आता फसायची न्हाई मी.

उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "इंजिन ठणठणीत हाय. घेऊन टाका."

"चालवल्याशिवाय कळतंय व्हय?" मालक म्हणाले. बिचाऱ्यांनी प्लगचं काही न शिकताच नेमका नियम सांगितला.

"तुम्हाला न्हाई कळत," ती म्हणाली. "मला कळतंय."

अण्णा बाजूला उभा राहून हात पुसत होता.

दसऱ्याला सकाळी आम्ही अंघोळी करून येईपर्यंत अण्णानं प्लग बसवून, नारळ फोडून, गाडी चालू करून ठेवली होती. किल्ली त्यानं बन्नीच्या पानांत गुंडाळून माझ्या हातावर ठेवली. आमच्या भागात आपट्याऐवजी बन्नीची पानं सोनं म्हणून देतात. "बन्नी तगोंडु बंगारदांग इरोणू," तो म्हणाला. बन्नी घेऊ आणि सोन्यासारखे राहू. मी वाकून त्याच्या पाया पडले. वहिनीनं ओवाळलं. घरापर्यंत गाडी कुठंही कुरकुरली नाही, मागं धूर नाही, काही नाही. पुढं कळलं की त्यानं आत मुद्दाम दाट ऑइल भरलं होतं. दाट ऑइल काही दिवस झिजलेल्या रिंगांची अब्रू झाकतं.

ते काही दिवस मात्र माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. सकाळी फाट्यावर मुली रांगेत उभ्या, दप्तरं, डबे, वेण्यांना तेल. कापूस वेचायला गेलेल्या तिघी परत आल्या. भीमनगरातल्या एकीचा बाप पहिल्या दिवशी व्हॅनला फेरी मारून मला म्हणाला, "अक्का, तुम्ही चालवायलात म्हणून पाठवायलोय." मी हॉर्न असा वाजवायचे की बसड्रायव्हरनं ऐकावं. मागं मुली पाठांतर करायच्या, आणि मी पुढं बसून त्यांच्याबरोबर इंग्रजी कविता म्हणायचे, अर्थ न कळता.

दिवाळीनंतर आरशात निळा धूर दिसायला लागला. आधी चढावर, मग सपाटीलाही. एके सकाळी गाडी सुरूच होईना. मी सीट उचलून प्लग काढले. काळे. ओले. बोटाला तेल.

मला ते दिसलं, पण वाचायची माझी तयारी नव्हती. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये भेसळ असणार. म्हटलं, आपणच गाडी जोरात हाणली. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, परत फिरवला. रोज पहाटे प्लग पेट्रोलनं धुवायचे, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासायचे, आणि बसवायचे. पोट बिघडलेल्या पोराची चड्डी धूत बसावं आणि औषध देऊ नये, तसं. फुंकणीवाली बाई, अख्ख्या गावाच्या गाड्या वाचणारी, आणि स्वतःच्या दारातलं अक्षर तिला लागत नव्हतं.

गावानं लगेच नाव ठेवलं: डास मारायची गाडी. आम्ही गेलो की पोरं धुरात नाचायची. मुलींच्या वेण्यांना जळक्या ऑइलचा वास यायला लागला. आमच्या शेजारणीनं भर हौदावर विचारलं, "का गं, पोरींना कॉलेजात नेतेस का धुरी द्यायला?" मी म्हटलं, "दोन्ही. वेगळं काही घेत न्हाई." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून तिची मुलगी यायची बंद झाली. मग आणखी दोघी. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या, आधी आळंदच्या अलीकडं भर उन्हात गाडी बंद पडली ती पडलीच. ट्रॅक्टरनं ओढून आणली. दोरीनं बांधलेल्या गाडीचं स्टेअरिंग धरून मी पुढं बसले होते. मुलगी मागं एकटी बसली होती. वहीत तोंड घालून.

ट्रॅक्टर दारात थांबला तेव्हा ती म्हणाली, "आई, मामाला बोलव ना. मामा नीट करील."

तिनं मामाचं नाव घेतलं, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. रिंगा एक-दोन महिन्यांत झिजत नाहीत. वर्षं लागतात. हे इंजिन मी घेतलं तेव्हाच ऑइल पीत असणार. मग खंडेनवमीला त्या पानावर डाळीच्या रंगाचे प्लग आले कुठून? ते भाजले गेले होते, पण या इंजिनात नव्हे.

मी मालकांना काही सांगितलं नाही. तिन्ही प्लग फडक्यात बांधले आणि बसनं हुमनाबादला गेले. सगळ्या रस्ताभर मी अण्णाच्या बाजूनं भांडत होते. त्यालाही फसवलं असेल. त्या गिऱ्हाइकानंच प्लग बदलून गाडी आणली असेल. अण्णाला कळलं तर तो त्या माणसाचा गळा धरेल. हुमनाबाद येईपर्यंत मी त्या अनोळखी गिऱ्हाइकाला एवढ्या शिव्या दिल्या होत्या, की त्याला उचक्या लागल्या असतील.

अण्णा टेबलाशी बसून काहीतरी घासत होता. मी फडकं सोडून प्लग त्याच्यापुढं ठेवले.

त्यानं एक उचलला आणि उजेडाकडं न धरताच खाली ठेवला. "रिंगा गेल्या," म्हणाला.

"कधी गेल्या?"

"मला काय ठाऊक? चालवायलीस तू."

"एवढ्यात जात न्हाईत अण्णा. तूच शिकवलास."

तो घासत राहिला. वहिनी चहा घेऊन आली होती, ती कप धरून दारातच थांबली.

"मग पूजेतले प्लग कुणाचे होते?" मी विचारलं.

"माझ्या गाडीचे," अण्णा म्हणाला.

असं सरळ. मला वाटलं होतं तो काही तरी गोष्ट सांगेल, आणि मी ती खरी मानायलाही तयार होते. त्यानं तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"कामून केलास असं?"

"तो गाडीवाला रोज येऊन बसायचा, कुणाच्या तरी गळ्यात घाल म्हणून. आन् मी तुला एक शब्द तरी खोटं बोललो का सांग. बघ म्हणालो. तू बघितलीस. ठणठणीत हाय म्हणून तूच म्हणालीस, दाजींच्या समोर. मी म्हणालो व्हय?"

"पोरीचं कॉलेज होतं त्याच्यावर. तुला ठाऊक होतं."

"अगं, मला वाटलं, तू काय चालवणार हाइस? चार दिवस हौस करशील आन् दारात उभी करशील. उभ्या गाडीला रिंगा कशाला लागत्यात?"

"मग मला शिकवलास कशाला? इतकी वर्षं?"

आता त्यानं वर बघितलं, आणि तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "बसायचीस तिथं. पोपटाला न्हाई शिकवत लोक? गिऱ्हाइकांना गंमत वाटायची."

इथं मी असं लिहायला पाहिजे, की मी तो चहा त्याच्या अंगावर ओतला, किंवा निदान ताठ मानेनं उठून निघाले. मी चहा प्यायले. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या घोटापर्यंत. वर "साखर कमी पडलीय वहिनी" असंही म्हणाले. माणसाचं घर जळत असलं तरी जीभ आपली रोजचीच वाक्यं बोलते.

निघताना वहिनीनं रीतीप्रमाणं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. माझ्या पदरात तांदूळ टाकताना हळूच म्हणाली, "ननगू गोत्तिरलिल्ल." म्हणजे, मलाही ठाऊक नव्हतं. मी मान डोलावली. बसमध्ये बसल्यावर आठवलं, पूजेचे प्लग पुसून पानावर मांडायचं काम दर वर्षी वहिनीचंच असायचं. कुठल्या गाडीचे प्लग कुठल्या डब्यात आहेत, ते तिच्याइतकं अण्णालाही ठाऊक नसायचं.

मुलीची हजेरी भरली नाही. तिला परीक्षेला बसू दिलं नाही. तिच्या मैत्रिणींपैकी दोघींची त्या उन्हाळ्यात लग्नं झाली, त्यांच्या अक्षता टाकायला मी गेले आणि मागं उभी राहिले. मुलगी रडली नाही. तिनं एकदाच विचारलं, "मामाला माहीत होतं?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती. ती उठून आत गेली.

मालकांना शेवटी सांगावंच लागलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, बघ तुझी विद्या. आठ दिवसांनी त्यांनी दावणीची दुभती म्हैस विकली आणि म्हणाले, "इंजिन बांधून घे. पण हुमनाबादला न्हाई." मी आळंदच्या एका गॅरेजात गाडी टाकली. इंजिन उघडलं, बोअर केलं, नव्या रिंगा घातल्या, तोपर्यंत रोज तिथं स्टुलावर बसून राहिले. प्रत्येक भाग आत जाताना बघितला. नंतर गाडी पळवली, चढावर दाबली, बंद केली, आणि मग प्लग काढले. गॅरेजवाला वैतागून म्हणाला, "अक्का, विश्वास न्हाई का?" मी म्हटलं, "न्हाई."

जूनमध्ये मुलगी परत पहिल्याच वर्षात बसली, तिच्याहून लहान मुलींच्या बाकावर. व्हॅनमध्ये आता चौघीच येत होत्या.

पंचमी जवळ आली. आमच्याकडं पंचमीला भावानं बहिणीला माहेरी न्यायचं असतं. झोका बांधायचा, उंड्या, म्हणजे लाडू, खायच्या. अण्णा त्याआधी कधी चुकला नव्हता, त्या वर्षीही चुकला नाही. सणाच्या आदल्या दिवशी सकाळीच बसनं आला, हातात उंड्यांचा डबा घेऊन. जणू मधलं वर्ष आलंच नव्हतं. मी मुलींना न्यायला किल्ली घेऊन निघालेच होते.

"चल तंगी, न्यायला आलोय," तो म्हणाला. "आवर."

"आधी पोरींना सोडते."

"आण किल्ली. मीच सोडून येतो की. तू तयारी कर."

मी किल्ली दिली नाही. म्हटलं, "बसायचं असंल तर बस. पण मागं."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग तो मागं चढला. मुलींनी दप्तरं मांडीवर घेऊन जागा करून दिली. सहा फुटी माणूस, गुडघे कानाला लागलेले, उंड्यांचा डबा हातात. माझी मुलगी खिडकीजवळ होती, ती बाहेरच बघत राहिली. त्यानं डबा तिच्यापुढं केला. ती म्हणाली, "जेवले मी." नेहमीचं "मामा" ती त्या वाक्याला जोडायची विसरली असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं.

सगळ्या रस्त्यानं तो इंजिन ऐकत होता. मला आरशात दिसत होतं. मान थोडी कलती, डोळे अर्धे मिटलेले, मी लहान असताना तो ऐकायचा तसा. मला लाज वाटते सांगायला, पण आतून मला वाटत होतं, त्यानं चांगलं म्हणावं.

कॉलेजपुढं गाडी थांबवली. तो मुलींच्या आधी उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. "छान चाललीय गं," म्हणाला. "कुणी बांधली?"

मी उत्तर दिलं नाही. आजवर दिलेलं नाही. तो आता म्हातारा झालाय, फोन करतो, गुडघ्यांचं सांगतो, नातवंडांचं सांगतो. मीही सांगते. पंचमीला जातेही. पण त्यानं ते गॅरेज कुणाचं ते परत विचारलं नाही, आणि चुकलं म्हणूनही कधी म्हणाला नाही. मीही ते त्याच्या तोंडून काढायला गेले नाही.

मुली उतरल्या. तिघींनी "येतो मावशी" म्हटलं. माझी मुलगी शेवटी उतरली. अण्णानं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. ती त्या हाताखालून वाकून गेली, अंगावर येणारी फांदी चुकवावी तशी, आणि फाटकातून आत शिरली. मागं वळून बघितलं नाही.

त्याचा हात तसाच वर राहिला होता. मग त्यानं तो व्हॅनच्या टपावर ठेवला, पत्रा तापलाय का बघावं तसा, आणि बराच वेळ काढला नाही. मागं बस येऊन हॉर्न वाजवायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "हात काढ अण्णा. गाडी हलवायचीय."